फादरची पाठ वळली की फ्लॅश मारणारे

सकाळी एका फोटोग्राफरचा व्हिडिओ बघितला आणि डोकंच फिरलं. चर्चमधलं लग्न, फादरनी फ्लॅश नको म्हणून आधीच सांगितलेलं, आणि हा पठ्ठ्या कौतुकाने सांगतोय की फादरची पाठ वळली की दोन-चार फ्लॅश मारून घ्यायचे, नंतर कोण विचारतंय! खाली लाईक करणाऱ्यांत आपल्यातलेही काही जण दिसले, म्हणून हे लिहितोय.

अरे बाबा, बंदीचं सोड. तुला तिथला उजेड दिसतच नाही का?

मला अशा वेळी एकच लग्न आठवतं. संध्याकाळची वेळ, वर उंचावर पिवळे दिवे, वेदीवर मेणबत्त्या, बस. फादरनी दारातच बजावलं होतं: फ्लॅश नाही आणि वेदीच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. मी खांबाला टेकून उभा. ८५ मिमीची लेन्स, एफ १.८ (हा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून उजेड जास्त), आयएसओ ६४०० (म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते), शटर १/१२५ सेकंद. अंगठी घालताना ती नवरीच्या पेरावर अडकली. नवरा गडबडला. हिने हसू दाबत बोट स्वतःच जरासं फिरवलं आणि अंगठी सरकली. मेणबत्तीचा उजेड तिच्या हनुवटीवर आणि अंगठीच्या कडेवर, बाकी अंधार. तिथे फ्लॅश मारला असता तर मेणबत्ती असून नसल्यासारखी झाली असती.

शिवाय मागून मारलेला फ्लॅश पोचतो तरी कुठे? अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो. पुढच्या बाकावरच्या माणसाची मान पांढरीफटक आणि वेदी काळीच. छतावरून बाउन्स करू म्हणाल, तर ते छत इतकं उंच की उजेड परत येतच नाही.

मग फ्लॅशऐवजी आयएसओ वाढवा म्हटलं की रडगाणं काय, तर नॉइज येतो, म्हणजे फोटोत दाणे दिसतात. येऊ दे की! जर्मन फोटोग्राफर एरिख सालोमन १९२०च्या दशकाच्या अखेरीस एर्मानॉक्स कॅमेऱ्यात काचेच्या प्लेटा घालून राजकारण्यांच्या बैठका फ्लॅशशिवाय टिपत होता. (१९२८ साली कोर्टात तो कॅमेरा लपवून घेऊन गेला होता, तेवढं त्याच्याकडून घेऊ नका.) आणि आपण आयएसओ ३२००ला घाबरतो. घाबरून १६००वर अडून बसायचं, फोटो काळा आणायचा, मग कॉम्प्युटरवर ओढून उजळायचा, म्हणजे नॉइज आणखी भडक. वरून तो घालवायला चेहरे घासून प्लास्टिकचे करायचे. त्याच लग्नात नवरी वडिलांबरोबर चालत आली तेव्हा मी शटर १/२५०ला घेतला आणि आयएसओ १२८००वर नेला. दाणे आहेत, भरपूर आहेत. पण वडिलांनी ओठ किती घट्ट मिटलेत तेही दिसतं. स्टॅबिलायझेशनवर विसंबू नका, ते तुमच्या हाताची थरथर सावरतं, चालत्या नवरीला थांबवत नाही.

मान्य, नवरीच्या मावशीला तो अंगठीचा फोटो अजूनही ‘काळोखी’ वाटतो. आणि एफ १.८ काय, एफ २.८ची लेन्सही सगळ्यांना परवडत नाही, हेही खरं. मग एका दिवसासाठी भाड्याने आणा ना.

नवीन पोरांवर माझा राग नाही. लग्नाच्या दिवशी हात कापतात, अंधारात फोकस पुढे-मागे धावत राहतो, आणि पैसे देणाऱ्याला सगळे चेहरे लख्ख हवे असतात. म्हणून एवढंच करा: आदल्या दिवशी लग्नाच्याच वेळेला जाऊन उजेड बघून या. एक्स्पोजर मॅन्युअलवर ठेवा, नाहीतर मागचा अंधार बघून कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि फोटोत पांढरा गाऊन जळून नुसता पांढराफटक होतो. फोकसला मदत करणारा कॅमेऱ्याचा तो दिवा बंद करा, तोही लोकांच्या डोळ्यांत जातो. वर एलईडी असतील तर सायलेंट (आवाज न करणारं) शटर आधी तपासा, त्याने फोटोवर पट्टे येऊ शकतात. आणि शपथ घेताना, अंगठीच्या वेळी माणसं क्षणभर स्थिर होतात. तेव्हा दाबा.

फ्लॅश बॅगेत असू द्या. बाहेर पायऱ्यांवर नातेवाईक ग्रुपला उभे राहिले की काढा, तिथे कोणी अडवत नाही. मावशीचा फोटोही तिथेच काढा, लख्ख.