शिवजयंती, न्यूटन आणि पानिपतची संक्रांत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

'१९ फेब्रुवारी' या दिनविशेषावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मोघम नाही, म्हणून उत्तर सविस्तर देतो. तुमचा आक्षेप असा : कोपर्निकसचा जन्म (१४७३), शिवाजी महाराजांचा जन्म (१६३०) आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांचा मृत्यू (१९१५) एकाच तारखेखाली मांडले आणि महाराजांच्या नोंदीखाली 'ग्रेगोरियन १ मार्च' अशी बारीक टीप जोडली. न्यूटनला मात्र सरळ ४ जानेवारीच्या पानावर नेलं. एकाला एक न्याय, दुसऱ्याला दुसरा. शिवाय १४ जानेवारीला पानिपत आहे, पण त्या दिवशीच्या संक्रांतीचा उल्लेख नाही.

न्यूटनबद्दल चूक कबूल. ज्युलियन ही युरोपातली जुनी कालगणना, ग्रेगोरियन ही तिची सुधारलेली, आज आपण वापरतो ती; शिवकालात ज्युलियन तारीख दहा दिवस मागे असे. इंग्लंडमध्ये तेव्हा ज्युलियन पद्धत चालू होती आणि त्या पद्धतीने त्याचा जन्म २५ डिसेंबर १६४२ चा. ४ जानेवारी १६४३ ही त्याच दिवसाची ग्रेगोरियन तारीख. महाराजांची तारीख ज्युलियन ठेवायची आणि न्यूटनची बदलायची, याला काही आधार नाही. न्यूटन आता २५ डिसेंबरला गेला आहे, सोबत टीप आहे. जाता जाता, 'गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला' हे वाक्यही त्या पानावरून काढलं. गॅलिलिओ गेला ८ जानेवारी १६४२ ला, पण ही इटलीतली ग्रेगोरियन तारीख. दोघांना ग्रेगोरियन लावलं तर १६४२ आणि १६४३. दोघांना ज्युलियन लावलं तर २९ डिसेंबर १६४१ आणि २५ डिसेंबर १६४२. एकाची तारीख एका पद्धतीची आणि दुसऱ्याची दुसऱ्या पद्धतीची घेतली, तरच साल जुळतं.

'मग सगळ्याच तारखा बदलून टाका ना' हे तुमचं म्हणणं मात्र पटत नाही. शिवकालाच्या आपण वापरतो त्या इंग्रजी तारखा ज्युलियन आहेत. जन्म १९ फेब्रुवारी १६३०, अफजलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९, राज्याभिषेक ६ जून १६७४, मृत्यू ३ एप्रिल १६८०. ग्रेगोरियन करायच्या तर चारही तारखांत दहा-दहा दिवस मिळवावे लागतील : १ मार्च, २० नोव्हेंबर, १६ जून, १३ एप्रिल. त्यातली एकच बदलली तर दोन घटनांमधलं अंतर दहा दिवसांनी चुकतं. सगळ्या बदलल्या तर हाताशी असलेल्या कुठल्याच ग्रंथाशी पान जुळणार नाही. म्हणून रूढ तारीख ठेवायची आणि पद्धत सांगायची, हा मार्ग.

तारीख कुठल्या पद्धतीची हे ओळखायला वार उपयोगी पडतो. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या सालवार घटनांच्या टिपणात, महाराजांच्या जन्माची नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य ३, शुक्रवार, हस्त नक्षत्र अशी आहे. शकात ७८ मिळवायचे, पण जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९, म्हणून १६३०. आता मोबाईलचं कॅलेंडर फेब्रुवारी १६३० पर्यंत मागे न्या. १९ तारखेला मंगळवार दिसेल, कारण ते ग्रेगोरियन पद्धत मागे ताणतं. १ मार्चला शुक्रवार दिसेल. सतराव्या शतकात फरक दहा दिवसांचा, म्हणजे वारात तीन दिवसांचा. जुन्या नोंदीतला वार आणि कॅलेंडरचा वार यांत तीनाचा फरक आला की पद्धतींची सरमिसळ झाली असं धरावं. १ मार्च १७०० पासून (ज्युलियन) फरक अकरा होतो, म्हणून वार चारने हलतो.

वार एकानेच चुकला तर कारण वेगळं असतं. आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते. राज्याभिषेकाची नोंद शुक्रवारची आहे, ज्येष्ठ शुद्ध १२, आणि महाराज सिंहासनावर बसले ते तीन घटका रात्र उरली असताना. एक घटका २४ मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाला सव्वा तास बाकी. आपल्या हिशेबाने अजून शुक्रवार, इंग्रजी हिशेबाने शनिवार, ६ जून. सूर्योदयाची द्वादशी त्या दुपारीच संपली होती, म्हणून प्रत्यक्ष क्षणी त्रयोदशी. कुणी द्वादशी लिहितं, कुणी त्रयोदशी. दोघंही चूक नाहीत. तिथी बरोबर पण महिना पुढचा दिसला, तर तो उत्तरेकडचा पौर्णिमान्त, म्हणजे अमावास्येऐवजी पौर्णिमेला संपणारा, महिना असतो. आपला फाल्गुन वद्य म्हणजे त्यांचा चैत्र कृष्ण.

याहून फसवी गोष्ट सालाची. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. संभाजी महाराजांच्या मृत्यूचा दिवस आपण ११ मार्च १६८९ लिहितो. त्या दिवशीच्या इंग्रजी पत्रावर साल १६८८ किंवा '१६८८/८९' असं जोडसाल पडणार. जानेवारी ते २४ मार्च या काळातली कुठलीही इंग्रजी नोंद घेताना साल दोनदा तपासावं. आणि कागद गोव्याचा असेल तर हे काहीच लागू नाही. पोर्तुगालने ऑक्टोबर १५८२ मध्येच नवी पद्धत घेतली होती. त्यामुळे एकाच रात्रीची हकिकत मुंबईच्या इंग्रजांच्या पत्रात १४ तारखेची आणि पोर्तुगीजांच्या पत्रात २४ ची असू शकते. दोन स्वाऱ्या होत्या असं समजून बसू नये.

आता एका पानावरच्या तिघांविषयी. कोपर्निकस आणि शिवाजी महाराज दोघांची तारीख ज्युलियन, तरी वर्षातला नेमका दिवस एक नाही. पंधराव्या शतकात फरक नऊच दिवसांचा होता, म्हणून कोपर्निकस २८ फेब्रुवारीला येतो आणि महाराज १ मार्चला. गोखल्यांची तारीख मुळातच ग्रेगोरियन. 'एकाच तारखेला' हे खरं, 'एकाच दिवशी' हे नाही, आणि माझ्या मजकुरात दोन्ही शब्द सरसकट वापरले गेले होते. ते दुरुस्त केलं आहे. डार्विन आणि लिंकन, १२ फेब्रुवारी १८०९, हा योगायोग मात्र अस्सल : इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे तोवर ग्रेगोरियनच होती.

राहिलं पानिपत. १४ जानेवारी १७६१, बुधवार, पौष शुद्ध ८, शके १६८२. इंग्रजांनी सप्टेंबर १७५२ मध्ये २ तारखेनंतर थेट १४ तारीख धरली, त्यामुळे ही तारीख ग्रेगोरियन आहे आणि तिच्यात काही मिळवायचं नाही. घोटाळा संक्रांतीचा आहे. संक्रांत १४ जानेवारीला खिळलेली नाही. आपलं निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेलं, सौरवर्ष ग्रेगोरियन वर्षापेक्षा वीसेक मिनिटांनी मोठं आहे, म्हणून ती साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. हल्ली ती १४ किंवा १५ ला येते. विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. तिथून आणखी १०२ वर्षं मागे गेलं की संक्रांत १० जानेवारीच्या आगेमागे पडते. विश्वासराव आणि भाऊसाहेब पडले तेव्हा संक्रांत होऊन तीन-चार दिवस लोटले होते. 'पानिपतावर संक्रांत कोसळली' हा वाक्प्रचार म्हणून खुशाल वापरा. तारखेच्या नोंदीत तो उल्लेख घालणार नाही.