मुकादमाला सापडतात, यांना सापडत नाहीत

‘संपर्क होऊ शकला नाही. केस बंद.’ जिल्ह्याच्या उपचार केंद्रवाले पोरीच्या कार्डावर एवढं लिहून मोकळे झाले! काल वाचलं तेव्हापासून डोकं फिरलंय.

माझ्या अंगणवाडीतली पोरगी. दीड वर्षाची झाली तरी बसत नव्हती. मीच मागे लागून आरबीएसकेच्या, म्हणजे मुलांची आरोग्य तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यक्रमाच्या, पथकाला दाखवली, त्यांनी जिल्ह्याला डीईआयसीत, म्हणजे अशा लेकरांवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्रात, पाठवली, फिजिओथेरपी सुरू झाली. दर आठवड्याला आई मजुरी बुडवून, लेकरू काखेला मारून एसटीने जायची. तीन महिन्यांत पोरगी भिंतीला टेकून बसायला लागली. आईने गल्लीभर साखर वाटली हो!

दसरा झाला आणि टोळी ऊसतोडीला गेली. जाणारच. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलीय, ती फेडायला कोयता चालवावाच लागतो. तान्ही पोर गावात कुणाच्या जिवावर ठेवणार?

केंद्रवाल्यांनी बापाच्या नंबरला तीन फोन लावले. रिचार्ज संपलं की इनकमिंगही बंद होतं, हे बीडमध्ये नोकरी करणाऱ्याला माहीत नाही? आईकडे फोनच नाही. मला एकदा विचारलं असतं तर कारखाना कोणता, टोळी कुणाची, त्यांच्या कोप्या (झोपड्या) कुठल्या शिवारात, सगळं सांगितलं असतं. उचल घेऊन एखादा कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, पळालं तर मुकादम त्यांना पाताळातून हुडकून आणतो. लेकराच्या उपचारासाठी तेवढी धडपड कुणीच का करत नाही?

तिथल्या थेरपिस्ट ताईंवर माझा राग नाही, त्या जीव तोडून काम करतात. राग आहे तो या पद्धतीवर. 2013 साली हा आरबीएसके कार्यक्रम आपल्याच पालघरातून सुरू झाला. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी. मग दर वर्षी लाखांनी माणसं सहा महिने जिल्हा सोडतात, त्यांची मुलं यात धरलेली नाहीत का? टोळी जाते तिथेही पथकं फिरतात. जाण्याआधी मुकादमाचा नंबर कार्डावर लिहा, तिकडच्या पथकाला कळवा. घरी करायचे व्यायाम आईला नीट शिकवून पाठवा. पहिल्या तीन वर्षांत हातचे गेलेले सहा महिने नंतर कुठून आणायचे?

कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, पोरगी परवा आली. पाय पुन्हा ताठ. बसवली की कलंडते. आई मलाच विचारते, “ताई, माझंच चुकलं का?”

उद्या दोघींना घेऊन जिल्ह्याला चाललेय. पुन्हा नोंदणी, पुन्हा तपासणी, सगळं पहिल्यापासून. आणि दसऱ्याला ही माणसं पुन्हा निघणार.