चौकट फणसाची की पाइनची

गेल्या महिन्यात पाटणहून धाकट्या भावाचा फोन आला. घराचं काम चौकटीपर्यंत आलंय. "दादा, कराडच्या वखारीत पाइन बघितला. तुझ्याकडचाच माल हाय, न्यूझीलंडचा. कांडल्याला उतरतोय. सरळ, हलका आन् स्वस्त." मागून तात्या ओरडले, "आपल्या पावसात दोन वर्सं टिकला तर मिशी काढीन!"

भावाचा दुसरा मुद्दा मात्र माझे साताऱ्यातले शिकलेले मित्रही मांडतात: बाहेरचं लाकूड घेतलं की आपलं जंगल वाचतं. कास, कोयना २०१२ पासून जागतिक वारसा, मग वाचवायला नको? इथे न्यूझीलंडच्या गिझबर्नला येण्याआधी मीही मान डोलावली असती.

इथल्या टेकड्या ठिसूळ. १९८८ च्या 'बोला' चक्रीवादळात त्या खचल्या, म्हणून सरकारने अनुदान देऊन पाइन लावायला लावला. पंचवीस-तीस वर्षांनी तो तोडणीला येतो. अख्खा डोंगर एका दमात भादरतात. चांगले ओंडके जहाजातून बहुतेक चीनला, काही आपल्याकडे. वाकडंतिकडं लाकूड आणि फांद्या उतारावरच पडून राहतात, कारण ते खाली आणणं परवडत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये 'गॅब्रिएल' चक्रीवादळ आलं आणि हा सगळा पसारा नद्यांतून पुलांवर आदळला. नंतर किनाऱ्यावर गेलो तर पायाला वाळू लागेना. नुसती लाकडं, आणि राळेचा वास. जुलै २०२१ मध्ये दरडीखाली गेलेलं आमच्या पाटण तालुक्यातलं मिरगाव, आंबेघर आठवलं. तिथली कारणं वेगळी होती, पण चिखलाखाली गेलेलं अंगण सारखंच दिसतं.

तरी शेजाऱ्याला मी "तोड थांबवा" म्हणू शकत नाही. तो पहाटे तीनला ओंडक्यांचा ट्रक काढतो, घर त्यावरच चालतं. त्याची कुरकूर वेगळीच: ओंडके जसेच्या तसे जातात, करवत फिरते दुसऱ्यांच्या गावात.

आता आपल्याकडचं. आंबा, फणस, हिरडा, जांभूळ, किंजळ हे सगळे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत. स्वतःच्या मालकी रानातलं झाड तोडायलाही परवानगी, न्यायला वाहतूक पास. हेलपाट्यांना कंटाळून शेतकरी उभं झाड ठेकेदाराला ठोक देऊन टाकतो. ते टनावर मोजलं जातं आणि बॉयलरच्या नाहीतर वीटभट्टीच्या जळणात जातं. आजोबांच्या काळचा हिरडा, आणि भाव सरपणाचा! चौकटीचं गिऱ्हाईक पाइनकडे गेलं, मग ते झाड अजून वीस वर्षं कुणी कशाला राखावं? म्हणून "जंगल वाचतं" हे मला पटत नाही. तोड इथल्या टेकडीवर सरकते, आणि तिकडचं झाडही उभं राहत नाही.

भावाला सांगितलं, स्लॅबच्या सेंटरिंगला पाइन वापर हवा तर, चौकट बांधावरच्या फणसाची कर. तात्यांनी अर्ज दिलाय. परवानगी अजून यायचीय, तोवर दाराच्या जागी प्लास्टिकचा कागद फडफडतोय आणि भाऊ रोज त्याचा फोटो पाठवतोय.