‘दर वर्षी सगळे व्हॉल्व्ह बदला’ हा सल्ला का ऐकू नये

व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा, अँप्लिफायर नवा घेणाऱ्याला एक सल्ला हमखास पाठवला जातो: “वर्ष झालं की सगळे व्हॉल्व्ह एकदम बदला. काच काळी पडली किंवा आत निळा उजेड दिसला तर वर्षभरही थांबू नका. खरखर आली म्हणजे व्हॉल्व्ह गेला. प्लेट लाल झाली तर नवी जोडी घाला, झालं काम.” (प्लेट म्हणजे व्हॉल्व्हमधला इलेक्ट्रॉन गोळा करणारा धातूचा पत्रा.) यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि शेवटचं तर धोक्याचं.

‘वर्ष झालं की.’ व्हॉल्व्ह झिजतो तो तापलेल्या तासांनी, कारण कॅथोडवरचा, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या तापत्या भागावरचा, लेप इलेक्ट्रॉन देता देता क्षीण होत जातो. रोज दोन तास गाणी ऐकलीत तर वर्षाचे ७३० तास होतात. ईएल३४ सारखा आउटपुट व्हॉल्व्ह (स्पीकरला ताकद देणारा) नीट बायस केलेला असेल, म्हणजे त्यातला स्थिर प्रवाह योग्य बसवलेला असेल, तर साधारण २,००० तास सहज काढतो, म्हणजे पावणेतीन वर्षं. ईसीसी८३ सारखे आधीच्या टप्प्यातले छोटे व्हॉल्व्ह ५,००० ते १०,००० तास चालतात. त्यांना साधारण सात ते पावणेचौदा वर्षं हातही लावावा लागत नाही. तेव्हा ‘सगळे एकदम’ हेही निकालात निघतं. आउटपुटची जोडी बदलताना चांगले चाललेले ईसीसी८३ काढून टाकणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. शिवाय सगळं एकदम बदललं की नेमका दोष कुठे होता ते कधीच कळत नाही.

‘काच काळी पडली.’ काचेवरचा चकचकीत काळा-रुपेरी पट्टा हा गेटर, म्हणजे उरलासुरला वायू शोषून घेणारा बेरियमचा थर. तो असायलाच हवा. कडा तपकिरी होऊन पट्टा आकसत असेल तर व्हॉल्व्ह बराच वापरलेला आहे, एवढंच. तो दुधासारखा पांढरा झाला तर मात्र आत हवा शिरली. असा व्हॉल्व्ह चालू करून बघूसुद्धा नका.

‘निळा उजेड.’ काचेच्या आतल्या बाजूला चिकटल्यासारखी दिसणारी, गाण्याबरोबर हलणारी निळाई निरुपद्रवी असते. भटके इलेक्ट्रॉन काचेवर आदळल्याने ती दिसते, आणि चांगल्या निर्वाताच्या व्हॉल्व्हमध्ये बरेचदा जास्तच उठून दिसते. प्लेटच्या आत, कॅथोडभोवती जांभळट-गुलाबी धुकं भरलं असेल तर तो वायू आहे. तो व्हॉल्व्ह लगेच काढा.

‘खरखर म्हणजे व्हॉल्व्ह गेला.’ हे आधी तपासा. अँप बंद करून थंड होऊ द्या आणि डाव्या-उजव्या चॅनेलचे ईसीसी८३ एकमेकांच्या जागी लावा. खरखर दुसऱ्या स्पीकरवर गेली तर व्हॉल्व्ह दोषी. जागची हलली नाही तर सॉकेट, किंवा प्लेटचा जुना कार्बन रेझिस्टर. मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्यानंतर येणारी खरखर बहुतेकदा सॉकेटचीच असते. दमट खारी हवा पिनांवर थर चढवते. प्लग काढून, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरली की आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दातांच्या फटी साफ करायचा बारीक ब्रश वापरून सॉकेट पुसा, पूर्ण वाळू द्या, व्हॉल्व्ह चार-पाचदा आतबाहेर करा.

मग बदलायचं कधी? मापं सांगतील तेव्हा. बऱ्याच अँपमध्ये कॅथोडखाली १० ओहमचा रेझिस्टर असतो, त्यावर ०.४ व्होल्ट म्हणजे ४० मिलिअँपिअर. प्लेटला ४०० व्होल्ट असतील तर १६ वॅट, ईएल३४ च्या २५ वॅटच्या मर्यादेच्या ६४ टक्के. (यात स्क्रीनचा, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीचा, थोडा प्रवाहही धरलेला आहे.) फिक्स्ड बायसच्या (ग्रिडला वेगळ्या सप्लायमधून ऋण व्होल्टेज देणाऱ्या) पुशपुल (व्हॉल्व्ह जोडीने काम करणाऱ्या) अँपला हे योग्य. नवे व्हॉल्व्ह घातल्या दिवशी हा आकडा लिहून ठेवा आणि सोबत घरातला विजेचा दाबही लिहा, कारण २१० आणि २४० व्होल्टवरची मापं एकमेकांशी जुळत नाहीत. बायसचं पॉट, म्हणजे प्रवाह बसवायचं फिरतं बटण, टोकापर्यंत फिरवूनही जुना आकडा येत नसेल, किंवा जोडीतल्या दोघांत १० मिलिअँपिअरहून जास्त फरक पडून तो मिटत नसेल, तर जोडी बदला. सेल्फ बायसच्या अँपमध्ये (जिथे कॅथोडखालचा रेझिस्टरच बायस ठरवतो) फिरवायला काही नसतं. तिथे कॅथोडचा व्होल्टेज मूळ आकड्याच्या २०-२५ टक्के खाली आला की वेळ झाली.

आता लाल प्लेट. दिसताक्षणी अँप बंद करा. ग्रिडवरचा, म्हणजे प्रवाहाला लगाम घालणाऱ्या जाळीवरचा, ऋण व्होल्टेज नाहीसा झाला की व्हॉल्व्ह बेलगाम प्रवाह ओढतो, आणि हे बरेचदा व्हॉल्व्हमुळे झालेलं नसतं. कपलिंग कपॅसिटर (आधीच्या टप्प्याचा डीसी अडवणारा) गळत असतो, बायसच्या पॉटचा संपर्क तुटलेला असतो किंवा बायस सप्लायचा कपॅसिटर सुकलेला असतो. नवी महाग जोडी घातली तर तीही मिनिटभरात लाल होईल आणि सोबत आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. म्हणून लाल झालेला व्हॉल्व्ह काढा, स्पीकर जोडलेलाच ठेवा, अँप चालू करा आणि रिकाम्या सॉकेटच्या पाच नंबरच्या, म्हणजे ग्रिडच्या, पिनवर डीसी मोजा. ईएल३४ च्या फिक्स्ड बायसला तिथे साधारण उणे ३५ व्होल्ट दिसायला हवेत. शून्याच्या आसपास दिसले तर दोष अँपमध्ये आहे. सेल्फ बायसमध्ये तिथे शून्य हवं. काही व्होल्ट धन आले तर कपलिंग कपॅसिटर बदला. शेजारच्या तीन आणि चार नंबरच्या पिनांवर ४०० व्होल्ट असतात, तेव्हा मीटरची काडी घसरू देऊ नका. अशी मापं घ्यायचा सराव नसेल तर हे काम जाणत्या मेकॅनिककडे द्या.