अँटीव्हायरस बंद करा म्हणे!

"सर, आधी अँटीव्हायरस बंद करा, मग कोअर आयसोलेशनमध्ये जाऊन मेमरी इंटिग्रिटी ऑफ करा, रिस्टार्ट मारा आणि सेटअपवर राइट क्लिक करून रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा."

हे कोण बोलून राहिलं माहिती आहे? लिंक पाठवून खातं रिकामं करणारा कोणी फ्रॉडवाला नाही. डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन विकणाऱ्या कंपनीच्या हेल्पलाईनवरचा पोरगा! ज्या वस्तूचं या जगात एकच काम, की सही करणारा माणूस तोच आहे याची खात्री द्यायची, ती वस्तू लावायची म्हणून कॉम्प्युटरची सगळी सुरक्षा बंद करा. कुलूप बसवायला आलेला माणूस म्हणाला की आधी दार काढून बाजूला ठेवा, तर त्याला आपण गेटच्या आत तरी येऊ देऊ का?

काल दुपारी भाऊजींचं टेंडर तीन वाजता बंद होणार होतं. भाऊजी इलेक्ट्रिकची छोटी-मोठी कंत्राटं घेतात, नागपुरात नंदनवनला एका गाळ्यात ऑफिस, बाहेर ऊन असं की गाडीच्या सीटला हात लावता येत नाही आणि आत कुलर नुसती गरम हवा फेकून राहिला. नवाकोरा लॅपटॉप, विंडोज ११, टोकन लावलं तर काहीच हालचाल नाही. सेटअप चालवला तर विंडोज सांगते, या डिव्हाइसवर हा ड्रायव्हर लोड होऊ शकत नाही. ड्रायव्हर म्हणजे टोकन आणि विंडोजचं बोलणं घडवून आणणारा प्रोग्रॅम. आणि विंडोज अगदी बरोबर सांगत होती! मेमरी इंटिग्रिटी त्याच्यासाठीच आहे ना, कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, शिरणारा प्रत्येक कोड आधी तपासायचा आणि जुन्या घाणेरड्या पद्धतीने लिहिलेला ड्रायव्हर बाहेरच थांबवायचा. मी त्या ड्रायव्हरच्या डॉट सिस फाईलची प्रॉपर्टी उघडून पाहिली तर आत सहीची तारीख २०१३. २०१३! तेव्हापासून या कंपनीने दरवर्षी टोकन विकले, पैसे घेतले, आणि ड्रायव्हरला हात लावला नाही.

मी त्या पोराला म्हटलं, बावा, नवीन ड्रायव्हर दे. तर त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर गुगल ड्राइव्हची लिंक पाठवली. आत झिप, झिपला पासवर्ड, पासवर्ड पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवरच. म्हटलं ही फाईल तुमच्या साईटवर काऊन नाही? म्हणे साईटवरची जुनी आहे सर, ही लेटेस्ट आहे. म्हटलं हॅश दे, मला कसं कळणार ही तुमचीच फाईल आहे म्हणून? म्हणे, हॅश म्हणजे काय सर? (फाईलचा ठसा रे, आत एक अक्षर बदललं तरी तो बदलतो.) मग म्हणे सर तुम्ही टेन्शन नका घेऊ, मी रिमोट घेतो, तुम्ही फक्त टोकनचा पिन सांगून ठेवा.

पिन सांगून ठेवा!!

अरे त्या टोकनच्या चिपमध्ये जी प्रायव्हेट की, म्हणजे सही करणारी गुप्त किल्ली, आहे ती टोकनच्या बाहेर कधीच पडत नाही, हीच तर सगळी योजना आहे, तिच्या आणि जगाच्या मध्ये फक्त तो पिन आहे, आणि तो पिन एका अनोळखी पोराला फोनवर सांगायचा, जो माझ्या स्क्रीनवर बसलेला आहे, ज्याच्या सांगण्यावरून मी अँटीव्हायरस बंद केलेला आहे? आयटी कायदा २००० नुसार त्या सहीला हाताने केलेल्या सहीइतकीच मान्यता आहे. भाऊजींच्या नावाने कोणी काहीही सही केलं तर उद्या भाऊजींनाच निस्तरावं लागणार. पण त्या पोराला काय बोलायचं, त्याला जो कागद दिला तो वाचून राहिला तो. राग त्याच्यावर नाहीच. ज्यांनी तो कागद लिहिला त्यांच्यावर आहे.

आणि हे इथेच संपत नाही. ड्रायव्हरनंतर येते ती सही करायची युटिलिटी. ती तुमच्याच कॉम्प्युटरवर एक छोटा सर्व्हर चालवते, ब्राउझर त्याच्याशी बोलतो, आणि त्याचं सर्टिफिकेट ब्राउझरला मान्य नसतं म्हणून लाल स्क्रीन येते की पुढे जाऊ नका. मॅन्युअलमध्ये छापील काय लिहिलंय, तर अ‍ॅडव्हान्स्ड दाबा आणि प्रोसीड करा. बाणबिण काढून, लाल गोल करून दाखवलंय! इतकी वर्षं आई-बाबांना, काका-काकूंना, शेजारच्यांना घसा फाडून सांगून राहिलो की लाल स्क्रीन दिसली की थांबा, मागे फिरा, आणि इथे सरकारी कामाचं मॅन्युअलच शिकवते की लाल स्क्रीन म्हणजे पुढे जा. मग उद्या हीच माणसं खोट्या बँकेच्या साईटवर प्रोसीड दाबतात आणि आपण म्हणतो लोक अडाणी आहेत. लोक अडाणी नाहीत बे, लोकांना तुम्ही असं वळण लावलं!

शेवटी जुना लॅपटॉप कपाटातून काढला. त्यावर टोकन लगेच चाललं, सही झाली, टेंडर गेलं. आता यातला अन्याय बघा. त्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज १०, जिचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे ज्या मशीनला आता नियमित अपडेट येत नाहीत त्यावर कायद्याची सही बिनधास्त होते, आणि जे मशीन धोका ओळखून अडवते ते नालायक ठरते. तो लॅपटॉप खराब आहे का? अजिबात नाही. सातव्या जनरेशनचा आय-फाईव्ह, एसएसडी टाकलेली, पळतो. पण विंडोज ११ च्या यादीत इंटेलची आठवी जनरेशन आणि त्यापुढचीच, मागचे मोजके अपवाद सोडले तर. टीपीएम २.०, म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची चिप, पाहिजे हे मी समजू शकतो, त्यामागे काही विचार आहे. पण धडधाकट मशीन कागदावर म्हातारं करून भंगारात काढायचं आणि त्याला सुरक्षा म्हणायचं, हे नाही समजू शकत. आपल्याकडे एक लॅपटॉप घरातल्या तीन पोरांच्या शिक्षणाला पुरतो, हे तिकडे बसलेल्या लोकांना कोण सांगणार?

लोकांना वाटते ड्रायव्हर म्हणजे काहीतरी किरकोळ, सीडीत यायचं ते. अरे ड्रायव्हर कर्नलमध्ये चालतो! तिथे त्याला अडवणारं कोणी नाही, तो पडला की सगळं मशीन पडलं. १९ जुलै २०२४ विसरले का? क्राउडस्ट्राइकने एक अपडेट सोडलं, त्यांचा कर्नलमधला ड्रायव्हर ते वाचायला गेला आणि कोसळला, मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर. आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून दिले त्या दिवशी. आणि ती सुरक्षेचीच कंपनी होती, बरं का.

"पण साइन्ड ड्रायव्हर आहे सर." हे तर मला ऐकवतच नाही. साइन्ड म्हणजे कोणी लिहिला ते कळते, तो चांगला आहे हे कळत नाही. २०२० मध्ये रॉबिनहूड नावाच्या रॅन्समवेअरने, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने, काय केलं? गीगाबाइट या हार्डवेअर कंपनीचा जुना, सही असलेला, भोक असलेला ड्रायव्हर स्वतःसोबतच आणला, त्याच्या भोकातून कर्नलमध्ये शिरलं, आणि अँटीव्हायरस मारून टाकला. कंपनीने तो ड्रायव्हर सोडून दिला होता, सही मात्र तशीच चालू. आता त्या २०१३ च्या डॉट सिस फाईलमध्ये काय आहे हे मला कोण सांगणार? मी उघडून पाहू शकत नाही, दुसरा कोणी जाणकार पाहू शकत नाही, आणि कंपनीत ज्याने लिहिला तो केव्हाचाच नोकरी सोडून गेला असेल.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि मी ते ओरडून सांगणार: जो कोड माझ्या कर्नलमध्ये चालणार तो मला, किंवा माझ्या वतीने दुसऱ्या कोणाला तरी, वाचता आला पाहिजे. नाही द्यायचा कोड? ठीक. मग चिपशी बोलायचं कसं, कोणत्या कमांडी, कोणतं उत्तर येते, तेवढा कागद जाहीर करा. बाकीचं लिहायला लोक बसलेत. फुकट लिहायला बसलेत! स्मार्ट कार्डसाठी (टोकनमधली चिप त्याच जातीची) ओपनएससी नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, यूएसबी रीडरसाठी सीसीआयडी नावाचं ठरलेलं स्टँडर्ड आहे, ते पाळलं तर वेगळा कर्नल ड्रायव्हर लागतच नाही, लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर पीसीएससीडी नावाची सर्व्हिस चालू केली की रीडर दिसते. तरी यांना स्वतःचंच काहीतरी बंद डब्यातलं करायचं असते, आणि मग बारा वर्षं त्याच्याकडे बघायचं नसते.

काही नवीन दुखणं नाही हे. १९८० च्या आसपास एमआयटीच्या लॅबमध्ये झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला, त्यात कागद अडकायचा, तिथल्या रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरला त्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये सुधारणा करायची होती, आणि सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा वाचता येणारा मूळ मजकूर, मिळाला नाही, का, तर ज्याच्याकडे होता त्याने गुप्ततेचा करार केलेला. १९८३ मध्ये त्याने ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला, त्याच्या मागे त्या प्रिंटरचा राग होताच. लिनक्सचा कर्नल लिहिणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात कॅमेऱ्यासमोर ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं, ते लोकांना असभ्य वाटलं, मला नाही वाटलं. एनव्हिडियाने लिनक्सच्या कर्नल मॉड्यूलचा, म्हणजे ड्रायव्हरच्या कर्नलमधल्या भागाचा, सोर्स उघडायला मे २०२२ उजाडावा लागला, आणि त्यातही ट्युरिंग पिढीच्या आधीची कार्डं बाहेर. ओपनबीएसडी ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारे तर सरळ सांगतात, बंद ड्रायव्हर घेणार नाही, गुप्ततेच्या करारावर सही करणार नाही, हार्डवेअर चाललं नाही तरी चालेल. लोक त्यांना हेकट म्हणतात. मला ती माणसं आवडतात. डेबियन या लिनक्सवाल्यांना मात्र २०२२ मध्ये मतदान घेऊन बंद फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम) इन्स्टॉलरमध्ये घ्यावं लागलं, कारण नाहीतर नव्या लॅपटॉपवर वायफायच दिसत नाही, आणि वायफाय नाही तर नवशिका माणूस पुढे जाणार कसा? त्यांना दोष देत नाही मी. पण चिप बनवणाऱ्यांनी त्यांना तिथपर्यंत आणलं याची चीड येते.

आता कोणीतरी म्हणणारच, मग एक्सझेडचं काय? हाओ, एक्सझेडचं बोलू ना. मार्च २०२४, कोणीतरी काही वर्षं गोड बोलून, एकट्या थकलेल्या मेंटेनरचा, म्हणजे ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याचा, विश्वास मिळवून एक्सझेड या डेटा दाबून लहान करणाऱ्या ओपन सोर्स लायब्ररीत चोरदरवाजा घातला. ओपन सोर्स म्हणजे आपोआप सुरक्षित, असं मी कधीच म्हटलं नाही. पण तो पकडला कोणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या प्रोग्रॅमरने, दुरून सर्व्हरवर शिरायच्या एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागून राहिला म्हणून तो मागे लागला आणि खणत खणत तिथपर्यंत पोचला. त्याला खणता आलं, कारण खणायला जागा होती! तेच माझ्या त्या डॉट सिस फाईलमध्ये झालं असतं तर कोण खणणार होतं? त्या एकट्या मेंटेनरला कोणी पैसे देत नव्हतं, ही खरी लाज आहे, आणि त्याचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या सगळ्या मोठ्या कंपन्यांनी ती बाळगावी.

सरकारचं तर काय सांगावं. २०१५ मध्ये केंद्र सरकारने धोरण काढलं की ई-गव्हर्नन्समध्ये ओपन सोर्सला पसंती द्यायची. कागद छान आहे, मी वाचलाय. मग सहीच्या टोकनला, अंगठ्याच्या मशीनला लिनक्सवर दारातच का अडवता? केरळने शाळांमध्ये लिनक्स चालवून दाखवलं, लाखो पोरं त्यावर शिकली. आपल्या इथे बर्डीवर दुकानात जाऊन विचारा, हा वायफायचा डोंगल लिनक्सवर चालतो का, तर दुकानदार असा पाहतो जसं मी उधार मागून राहिलो. डब्यावर चिपचं नाव नाही. तोच डबा, तेच मॉडेल, पुढच्या लॉटमध्ये आत चिप वेगळी! हे तर मला फसवणूकच वाटते, याच्यावर ग्राहक मंचात जायला पाहिजे कोणीतरी.

आणि आमच्या कॉलनीच्या वाचनालयातला स्कॅनर. जुन्या दुर्मिळ पुस्तकांची पानं त्यावर स्कॅन होतात, काच स्वच्छ, दिवा ठणठणीत, आणि नवीन कॉम्प्युटर आणल्याबरोबर सांगितलं की याचा ड्रायव्हर विंडोज ७ पर्यंतच आहे, नवीन स्कॅनर घ्या. वर्गणीवर चालणारं वाचनालय, कुठून घेतील? मी त्यांच्या जुन्या पीसीवर लिनक्स टाकलं, सेन नावाचा स्कॅनरचा मुक्त प्रकल्प आहे, त्यात तो स्कॅनर आधीच होता. कंपनीने सोडून दिलेलं पोर परक्या लोकांनी सांभाळलं! तिथल्या काकांनी पहिलं पान स्कॅन झालेलं पाहिलं आणि दोनदा विचारलं, नवीन नाही घ्यावा लागणार ना? मला त्या कंपनीचा इतका राग आला की काय सांगू.

भाऊजींना मी आजच सांगितलं, पुढचं टोकन घेताना त्या विक्रेत्याला लेखी विचारा, मेमरी इंटिग्रिटी चालू ठेवून चालते का, लिनक्सवर चालते का. नाही म्हणाला तर दुसऱ्याकडे जा. आणि तुमच्याही घरी ड्रायव्हर नाही म्हणून माळ्यावर टाकलेला प्रिंटर किंवा स्कॅनर असेल तर भंगारवाल्याला देऊ नका, रविवारी माझ्याकडे घेऊन या. मी प्रतापनगरलाच राहतो, लाईट असली की लावून देतो. पैसे नको.