एक उ पोटात

स्पॅनिश शिकायला सोपी, असं जो तो सांगतो. स्वर मोजून पाच, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, लिहिलंय तसं वाचायचं. पहिला उकार की दुसरा यात शाळेचे मार्क घालवलेल्या मराठी माणसाला हे ऐकून हर्षवायूच व्हायचा. मला झाला होता. स्पेनमधल्या सेव्हियात राहायला आल्यावर उतरला.

कारण इथली नदी, ग्वादाल्किविर. स्पॅनिशमध्ये लिहिताना या नावात 'उ' दोनदा येतो. पहिला म्हणायचा, दुसरा गिळायचा. मी दोन्ही म्हणतो. घरमालकीणबाई म्हणतात, "हिहो (म्हणजे बाळा), एक उ पोटात ठेव!" नाव मूळ अरबी, 'वादी अल-कबीर', म्हणजे मोठी नदी. 'वादी'चं स्पॅनिश तोंडात 'ग्वाद' झालं. म्हणजे पहिला उ निदान खानदानी आहे. दुसरा नुसता 'क्यू' या अक्षराला सोबत म्हणून आलेला. चीज मागायला गेलो तरी हाच हजर. लिहिताना आहे, पण म्हणायचं 'केसो'.

'ग'ची तऱ्हा आणखी वेगळी. पुढे ए किंवा इ आला की या अक्षराचा घशातून 'ख'कडे झुकणारा 'ह' होतो. तो होऊ नये म्हणून मध्ये उ उभा करतात, सोसायटीच्या वॉचमनसारखा. राखण करायची, बोलायचं नाही. म्हणून 'गितार्रा', म्हणून 'मिगेल'. आपल्याकडे टी-शर्टावर मिरवणारा तो क्रांतिकारक 'गव्हेरा' नव्हे, 'गेबारा'. (गोव्यात मिगेलला मिगेलच म्हणतात. पोर्तुगीजांचा नियमही तोच, त्यामुळे गोंयकारांपुढे मी हा विषय काढत नाही.) पण पुढे 'आ' आला की उ बोलू लागतो. म्हणून फुटबॉलवाला ग्वार्दिओला. आणि ए-इच्या आधीही त्याला बोलायचंच असेल, तर डोक्यावर दोन टिंबं देतात, जशी फुटबॉलपटू अग्वेरोच्या नावात. पेंग्विनलासुद्धा आहेत. "लाजू नकोस," असा धीर बाई देतात, तर त्यातल्या 'लाज' या शब्दावरही तीच दोन टिंबं!

बरं, हा गप्प बसणारा प्राणी बाजारात न बोलावता टपकतो. 'किंवा'ला स्पॅनिशमध्ये 'ओ' म्हणतात. पण 'सात किंवा आठ' म्हणताना पुढचा 'ओचो' ओनेच सुरू होतो. दोन ओ एकमेकांवर आपटू नयेत म्हणून तिथे म्हणायचं 'सिएते उ ओचो'. मी आता सरळ सातच संत्री घेतो.

हल्ली बाईंना मराठी शिकायची हौस आलीय. चाकूतला 'च' त्यांना लगेच जमला. चाकातला ऐकून त्यांनी विचारलं, "हा वेगळा, मग लिहिताना कळतो कसा?" "लिहिताना कळत नाही, ऐकून कळतो," मी खानदानी तोऱ्यात सांगितलं. बाईंनी चष्मा लावला, माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि वहीतल्या 'चाका'च्या डोक्यावर ठसठशीत दोन टिंबं दिली.