कार्ड बसतं, पण वीज कुठून येते? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडा’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितो.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. पीसीआय एक्स्प्रेसचा स्लॉट, म्हणजे कॉम्प्युटरच्या मदरबोर्डावरची ग्राफिक्स कार्ड बसवायची खाच, जुना असो की नवा, कुठलंही कार्ड त्यात चालतं, मी लोकांना उगाच घाबरवतोय. तुम्ही इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरच्या डेस्कटॉपमध्ये आरटीएक्स ३०६० हे कार्ड घातलंय, ४५० वॅटच्या एसएमपीएसवर (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा), दोन मोलेक्सचं (जुन्या डिस्कना वीज देणारे चार पिनचे प्लग) कन्व्हर्टर लावून, आणि वर्षभर काही झालेलं नाही. ‘५५० वॅटच हवेत’ हा आकडा मी कंपनीच्या पानावरून जसाच्या तसा उचलला. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की चाळीतल्या, दहा बाय बाराच्या खोलीतल्या पोरांना मी ‘तुमची ऐपत एवढीच’ असं सांगून दुय्यम कार्डं त्यांच्या गळ्यात मारतोय. हे शेवटचं मला लागलं, त्याकडे येतो. आधी माझी चूक.

स्लॉटच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात. ‘२.० च्या बोर्डावर नवं कार्ड चालणार नाही’ हे माझं वाक्य चुकीचं होतं, मी ते लेखातून काढलंय. पीसीआय एक्स्प्रेसच्या नव्या-जुन्या पिढ्या (२.०, ३.०, ४.०) एकमेकींशी जुळवून घेतात. दोघांपैकी जी हळू, तिच्या वेगाने काम चालतं, एवढंच. सोळा लेनचं (लेन म्हणजे माहिती ये-जा करायची वाट) कार्ड ३.० च्या स्लॉटमध्ये लावलं तर बहुतेकांना फरक कळणारही नाही.

पण याच नियमाच्या आधाराने काही कार्डं माणसाला फसवतात. रेडिऑन आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी ही कार्डं दिसायला पूर्ण लांबीच्या स्लॉटमध्ये बसतात, आतून मात्र त्यांना फक्त चार लेन जोडलेल्या आहेत. ४.० च्या बोर्डावर चार लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी माहिती जाते, तुमच्या-माझ्या ३.० च्या बोर्डावर ती निम्मी होते. कार्डावरची ४ जीबी मेमरी गेममध्ये भरली की त्याला पुन्हा पुन्हा मदरबोर्डावरच्या रॅमकडे धाव घ्यावी लागते, आणि तिथे हा अरुंद रस्ता आडवा येतो. शिवाय या दोन्ही कार्डांत व्हिडिओ एन्कोड करायची, म्हणजे रेकॉर्डिंग आटोपशीर फाइलमध्ये बसवायची, सोयच नाही. स्क्रीन रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणाऱ्या मुलाने ते घेतलं तर तो सगळा भार प्रोसेसरवर पडतो. कार्ड बसलं, डिस्प्ले आला, तरी ते त्याच्या कामाचं नाही. दुकानात हे कुणी सांगत नाही, कारण कुणी विचारत नाही.

आता विजेचं. माझा मूळ लेख याच्यासाठीच होता, आणि इथे मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.

५५० वॅटच्या आकड्याबद्दलची तुमची टीका अर्धी मान्य. कार्ड बनवणाऱ्यांना आपल्या डब्यात कुठला प्रोसेसर आणि कसला एसएमपीएस आहे हे ठाऊक नसतं, म्हणून ते हात राखून आकडा देतात. हिशोब आपण स्वतः करायला हवा होता आणि लेखात मी तो केला नाही. तर तो असा: चौथ्या पिढीचा साधा आय-फाइव्ह ८४ वॅटचा. ३०६० हे १७० वॅटचं. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून पन्नासेक धरा. झाले सुमारे ३०० वॅट. कार्ड अधूनमधून काही मिलिसेकंद ठरलेल्या वॅटच्या वर उसळी घेतं, त्यासाठी थोडी जागा सोडा. म्हणजे चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर तुमचं मशीन चालायलाच हवं. तुमचा अनुभव खरा आहे, त्यावर माझा अविश्वास नाही.

माझा सगळा जीव त्या ‘चांगल्या’ शब्दात अडकलाय. एसएमपीएसच्या अंगावरचं स्टिकर बघा. मोठ्या अक्षरांत ४५० लिहिलेलं असेल, त्याकडे लक्ष देऊ नका. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचा, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही मुख्यतः त्याच्यावर जगतात. तिथे ३६ अँपिअर असतील तर १२ गुणिले ३६, म्हणजे ४३२ वॅट. वर लिहिलेल्या आकड्याच्या जवळ आहे, बरं आहे. तिथे १७ असतील तर हातात फक्त २०४ वॅट येतात, उरलेली बेरीज ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांनी भरून काढलेली असते, आणि त्यांचा कार्डाला काही उपयोग नाही. काही स्टिकरांवर १२ व्होल्टचे दोन रकाने असतात. त्यांची सरळ बेरीज करू नका, दोघांचा मिळून कमाल आकडा वेगळा छापलेला असतो, तो धरा. कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ आलेल्या एसएमपीएसचं स्टिकर तर आज रात्रीच वाचा.

पण तुमच्या प्रतिक्रियेत मला सर्वांत जास्त भीती कशाची वाटली असेल, तर त्या कन्व्हर्टरची. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. ३०६० चे उरलेले किमान ९५ वॅट वरच्या ८ पिनच्या केबलमधून यायला हवेत, म्हणजे १२ व्होल्टवर जवळजवळ ८ अँपिअर. खऱ्या ८ पिनच्या केबलमध्ये हा प्रवाह वाहायला १२ व्होल्टच्या तीन वायरी असतात. मोलेक्सच्या एका प्लगमध्ये अशी एकच वायर असते. तुम्ही दोन मोलेक्स जोडलेत हे ठीक, पण ते दोन्ही बहुधा एकाच केबलवर माळेत ओवल्यासारखे आहेत. तसं असेल तर तीन जणींचं ओझं एकटी वाहतेय. आणि साटाच्या (आताच्या डिस्कना वीज देणाऱ्या चपट्या) प्लगचं कन्व्हर्टर वापरणाऱ्यांसाठी: साटाच्या प्लगमधून १२ व्होल्टवर कमाल साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट काढायची परवानगी आहे. कार्डाची ६ पिनची जोडणीच ७५ वॅटपर्यंत मागू शकते. हे कन्व्हर्टर बाजारात सर्रास मिळतं म्हणून ते सुरक्षित ठरत नाही.

हे मी इतक्या कळवळ्याने का लिहितो, त्याला कारण आहे. आमच्या लालबागच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक मुलगा आहे, अ‍ॅनिमेशन शिकतो. त्याच्या आईने भिशीचा नंबर लागल्यावर ते सगळे पैसे त्याच्या हातात दिले. ऑफिसातून निघालेला एक बारीक चणीचा डेस्कटॉप त्याच्याकडे होताच, त्यात टाकायला तो दोन पंख्यांचं कार्ड घेऊन आला. कॅबिनेट इतकं अरुंद की कार्ड उभं राहीना. पैसे परत मिळाले नाहीत, कारण खोका फोडला होता. मग त्याने दुसरं मोठं कॅबिनेट आणलं, तर जुन्या बोर्डाच्या विजेच्या पिना नेहमीच्या २४ पिनच्या सॉकेटसारख्या नव्हत्या, त्यामुळे मूळ छोटा एसएमपीएसच आत बांधून ठेवावा लागला. त्यात कार्डासाठी वायर नव्हती. कुणीतरी साटाचं कन्व्हर्टर दिलं आणि ‘चालून जाईल’ म्हणालं. नवव्या दिवशी रात्री रेंडर (अ‍ॅनिमेशनची अंतिम चित्रं तयार करायचं काम) चालू असताना जळका वास आला. त्याची आई जागी होती म्हणून बटण बंद झालं. प्लग वितळून डिस्कच्या वायरीला चिकटला होता. कार्ड वाचलं, त्याची डिस्क गेली, आणि तिच्यावर त्याचं सहा महिन्यांचं काम होतं.

त्या रात्री मी ते कॅबिनेट उघडलं तेव्हा तो मुलगा काहीच बोलत नव्हता. मूळ लेख मी दुसऱ्या दिवशी लिहिला.

म्हणून ‘दुय्यम कार्ड गळ्यात मारतोय’ हे मला मान्य नाही. स्लॉटच्या ७५ वॅटमध्ये भागणारं कार्ड मी सुचवतो ते ऐपत बघून नाही, त्या मुलाच्या डब्यात काय आहे ते बघून. जीटीएक्स १६५० ची बरीच मॉडेल्स वेगळ्या केबलशिवाय चालतात. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं रूप ७० वॅटचं आहे, त्याची अर्ध्या उंचीची मॉडेल्सही येतात, आणि ब्लेंडर हे थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर शिकायला ते पुरतं. फक्त नाव वाचून घेऊ नका. त्याच ३०५० चं ८ जीबीचं आधीचं रूप १३० वॅटचं आहे, त्याला वरून केबल लागते. १६५० मध्येही काही मॉडेल्सना ६ पिनची जोडणी असते. जीटी १०३० तर डीडीआर४ आणि जीडीडीआर५ अशा दोन मेमरींत विकलं गेलं, दोन्हींवर नाव तेच, आणि पहिलं दुसऱ्याच्या मानाने फारच मंद. खोक्याच्या मागचं मेमरीचं नाव आणि कार्डाच्या वरच्या कडेचं सॉकेट, या दोन गोष्टी पैसे देण्याआधी डोळ्यांनी बघायच्या.

तुमची निवड वाईट होती असंही मी म्हणत नाही. ३०६० ची १२ जीबी मेमरी मोठ्या दृश्यांच्या रेंडरला खरोखर कामी येते, आणि तिथे जुना प्रोसेसर फारसा आड येत नाही. गेममध्ये येतो, प्रोसेसरचे चार कोर आणि चारच थ्रेड (म्हणजे एका वेळी चारच कामं) त्या कार्डाला पुरेसं काम देऊ शकत नाहीत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चौथ्या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत, म्हणजे हे मशीन आज ना उद्या बदलायचंच आहे. ‘मोठं कार्ड घेतलं तर पुढच्या मशीनमध्ये नेता येईल’ हा विचार शहाणपणाचा आहे. पण मग तोच विचार एसएमपीएसलाही लावा. चांगला एसएमपीएससुद्धा पुढच्या मशीनमध्ये जातो. दोन्हींचे पैसे एकदम नसतील तर आधी एसएमपीएस, मग कार्ड.

माझ्या लेखातले बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) आणि मॉनिटरचे मुद्दे ‘भरताड’ आहेत असंही तुम्ही म्हटलंय. तुमच्याकडे अडलं नाही, छान झालं. पण २०१२ च्या आसपासच्या काही बोर्डांवर नवं कार्ड लावलं की बायोस अपडेट केल्याशिवाय डिस्प्ले येत नाही, आणि माणूस कार्डच खराब समजून परत धावतो. घरात व्हीजीए या जुन्या जोडणीचा मॉनिटर असेल तर आताच्या कार्डांना ती जोडणीच नसते, सिग्नल बदलून देणारा अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो. एवढ्यावर हा विषय संपतो.

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर दुकानदारांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे तुमचं वाक्य मात्र मी मनापासून मान्य करतो. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाऊन मी त्यांच्याकडूनच शिकलो. गल्ल्यावरच्या माणसाला ‘कुठलं कार्ड चांगलं?’ विचारलं तर तो खपतं ते कार्ड दाखवणार, त्यात त्याचा दोष नाही. तोच माणूस फोनमधले तीन फोटो बघून पाच मिनिटांत नेमकं सांगतो: एसएमपीएसचं स्टिकर, झाकण काढलेलं कॅबिनेट, आणि स्लॉटपासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत धरलेली मोजपट्टी. लोकलमधून अख्खं कॅबिनेट कवटाळून न्यायची गरज नाही.

आता तुमच्या मशीनकडे. बंद करा, प्लग काढा, आणि मोलेक्सचे दोन्ही जोड सोडवून बघा. पांढरं प्लास्टिक पिवळट किंवा तपकिरी झालंय का, पिनेभोवती काळी कड आलीय का, दोन्ही प्लग एकाच केबलवर आहेत का. एकाच केबलवर असतील तर आज एवढं करा, दुसरा प्लग एसएमपीएसमधून स्वतंत्र निघणाऱ्या केबलला लावा. पण तो तात्पुरता उपाय आहे. तुमच्या एसएमपीएसला स्वतःची ८ पिनची केबल नाही म्हणूनच कन्व्हर्टर घ्यावं लागलं ना? मग ती केबल असलेला एसएमपीएस घ्या, ४५० वॅटचा चांगला असला तरी पुरेल. घेण्याआधी बोर्डावरचं मुख्य सॉकेट २४ पिनचंच आहे ना, ते मोजा. नसेल तर त्याचा आणि स्टिकरचा फोटो इथेच टाका, मी बघून सांगतो.

तोवर रेंडर रात्रभर लावून झोपू नका.